सायलेन्सर वारंवार सडतो? आधी कारण शोधा, मग नवा घरीच बसवा

किनारपट्टीवर गाडी वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. मफलर, म्हणजे सायलेन्सरचा मागचा मोठा डबा, फुटला म्हणून वेल्डिंग करून घेतलं. काही महिन्यांत वेल्डिंगच्या शेजारीच नवं भोक पडलं. मग कंटाळून नवा मफलर बसवला, तर दोन पावसाळे जेमतेम काढून तोही भसाभस आवाज करायला लागला. गॅरेजवाला म्हणतो, "दादा, खारी हवा. इथे असंच चालायचं." खारी हवा आहेच. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, कुठेही गाडीखाली वाकून बघितलं की तिचं काम दिसतं. पण त्याच आळीत, त्याच हवेत उभी असलेली दुसरी गाडी कंपनीतून आलेल्या मफलरवर वर्षानुवर्षं काढते, तेव्हा सगळा दोष हवेवर ढकलून चालत नाही.

माझं मत असं, की वारंवार सडणारा सायलेन्सर हे बहुतेक वेळा नुसतं सायलेन्सरचं दुखणं नसतं. गाडी रोज किती अंतर चालते, इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्या माउंटिंगची काय अवस्था आहे, आधीच्या दुरुस्तीत कुणी काय बुजवलं आणि कुठली स्प्रिंग काढून फेकली, यात खरं कारण दडलेलं असतं. ते न बघता पार्ट बदलला, तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बदलण्याचं काम मात्र घरी होण्यासारखं आहे, निदान मागच्या अर्ध्या भागाचं तरी.

घरी कुठपर्यंत हात घालायचा

इंजिनाकडून मागे येताना क्रम साधारण असा असतो: मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातून धूर गोळा करणारा पहिला भाग, कॅटकॉन म्हणजे धूर शुद्ध करणारा डबा, जाळीचा लवचीक पाईप, मधला पाईप, त्यावरचा छोटा डबा म्हणजे रेझोनेटर, आणि शेवटी मोठा मफलर. काही गाड्यांत कॅटकॉन मॅनिफोल्डलाच चिकटलेला असतो, काहींत खाली असतो. कॅटकॉनच्या मागचं सगळं घरी करता येतं. मॅनिफोल्डच्या स्टडना, म्हणजे इंजिनाच्या हेडमध्ये रुतवलेल्या बोल्टना, हात लावू नका. वर्षानुवर्षं तापून थंड झालेला स्टड हेडमध्ये तुटला, तर तो काढायला ड्रिल आणि मुरलेला हात लागतो, आणि गाडी तोवर अंगणात पडून राहते. बीएस-६ डिझेलमधल्या डीपीएफलाही, म्हणजे काजळी अडवणाऱ्या गाळणीलाही, तोच नियम. त्याच्याभोवती तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर असतात, ते घरी सोडवायचं काम नव्हे.

आधी आवाज ओळखा

"सायलेन्सर गेला" असं म्हणून आलेल्या सगळ्याच गाड्यांचा सायलेन्सर गेलेला नसतो. गाडी उभी असताना खडखड वाजते आणि एक्सलेटर दिला की आवाज बंद होतो, तर पहिला संशय उष्णतारोधक पत्र्यावर, म्हणजे हीट शील्डवर घ्या. त्याचा बोल्ट ज्या भोकातून जातो ते भोक गंजून मोठं होतं आणि पत्रा पाईपवर वाजत राहतो. मोठी स्टीलची होज क्लिप पाईप आणि शील्डभोवती गुंडाळून आवळली की आवाज बंद. मफलरला हात लावायची गरजच नाही. खड्ड्यावरून जाताना मागून धाडकन आवाज येतो, तर लटकवायचं रबर तुटलंय. थंड इंजिनावर पुढून टिकटिक ऐकू येते आणि गाडी तापल्यावर जाते, ती मॅनिफोल्डच्या गॅस्केटची, म्हणजे सांध्यातल्या सीलची, किंवा चिरेची खूण. धातू प्रसरण पावला की फट तात्पुरती बुजते. सगळ्या वेगांत भसाभस, आणि मागच्या बाजूने, तर मग खरंच मफलर.

गाडी रेटा घेत नाही, चढावर जीव जातो, पण आवाज उलट दबलेला आहे, असं असेल तर वेगळाच विचार करा. कॅटकॉन चोंदलाय किंवा मफलरच्या आतला पडदा सुटून वाट अडवतोय.

गळती नेमकी कुठे, हे शोधायला इंजिन थंड असताना, उघड्यावर, गाडी चालू करा. सोबत्याला हातमोजे घालून जाड ओल्या फडक्याने मागचं तोंड चार-पाच सेकंद दाबून धरायला सांगा. तुम्ही बाजूने कान द्या. गाडी जॅकवर असताना खाली शिरून हा प्रयोग करू नका. जिथे फट आहे तिथून फुसफुस स्पष्ट येते. सांध्यावर साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे दिसतात. जुनी गळती असेल तर तिथे काजळीचा काळा पिसारा उमटलेला असतो, तो टॉर्चच्या उजेडात लगेच सापडतो.

केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर बाकी सगळं सोडून ते आधी बघा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. जो येतो तो बाकीच्या धुराचा. डिकीच्या दाराचं रबर फाटलं असेल तर मागची गळतीसुद्धा आत ओढली जाते. काचा बंद, एसी चालू आणि मागे मुलं झोपलेली, अशा प्रवासाला ती गाडी काढू नका.

आतून सडतो तो का

पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, आणि थोडंथोडकं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की अंदाजे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. सीएनजीचं गणित याहून जड आहे: एक किलो गॅसमागे सव्वादोन किलोच्या आसपास पाणी. धुराचं तापमान पन्नास-पंचावन्न अंशांच्या खाली गेलं की ही वाफ पत्र्यावर पाणी होऊन बसायला लागते. इंजिनाजवळचा पाईप मिनिटभरात तापतो, पण मागचा मफलर लांब आणि वजनदार. त्याला तापायला वेळ लागतो. घर ते स्टेशन, स्टेशन ते बाजार, बाजार ते घर, असं दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरचं चालवणं असेल तर मफलर कधीच नीट तापत नाही. आत पाणी साचतं, त्यात धुरातले आम्लधर्मी घटक मिसळतात आणि ते मिश्रण तळाला रात्रभर बसून पत्रा खातं. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून चाळण, असा मफलर मग एके दिवशी फुटतो.

याचा पुरावा हवा असेल तर काढलेला मफलर भंगारात देण्याआधी ग्राइंडरने उभा कापून बघा. वरच्या अर्ध्या भागात काजळी कोरडी असते, पत्रा टणक लागतो. खालच्या शिवणीपाशी मात्र गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात, बोटाने दाबलं की पत्रा बिस्किटासारखा मोडतो, आणि वाकवला की कोपऱ्यातून तांबूस पाणी ओघळतं. आवाज गिळणाऱ्या पडद्यांचे खालचे काठ तर गायबच झालेले असतात. बाहेरून कितीही अ‍ॅल्युमिनियम पेंट फासला तरी इथे तो पोचत नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पटतं.

म्हणून बऱ्याच मफलरना तळाशी दोन-तीन मिलिमीटरचं एक भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं. पाणी निथळावं म्हणून. आणि नेमकं तेच भोक आपल्याकडे "लीक आहे" म्हणून वेल्डिंगने बुजवलं जातं! थेंब टपकताना दिसतात, जरा फुर्र आवाज येतो, गिऱ्हाईक तक्रार करतं, वेल्डर टाका मारून देतो. त्यानंतर त्या मफलरचं आयुष्य मोजायला लागा. नवा पार्ट घेताना हे भोक कुठे आहे ते बघून ठेवा आणि गाडीला बसवल्यावर ते खालच्या अंगाला येतंय ना, याची खात्री करा. वर्षातून एकदा तार घालून मोकळं केलं तर उत्तम.

सकाळी धुराड्यातून पाणी टपकणं हा बिघाड नव्हे. उलट बाहेर पडतंय ते चांगलंच. पांढरा धूर गाडी तापल्यावरही जात नसेल, त्याला गोडसर वास असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्या. ते प्रकरण वेगळं.

बाकीची कारणं, जी कुणी बघत नाही

मफलर तळातून सडला असेल तर दोष पाण्याचा. पण पाईप फ्लेंजपाशी, म्हणजे बोल्टने जोडायच्या चकतीपाशी, किंवा वाकणावर तडकला असेल, जाळीचा लवचीक पाईप फाटला असेल, तर गंजाला दोष देऊ नका. तिथे इंजिन हलतंय. माउंटिंगचं रबर चिरलं की गिअर टाकताना, क्लच सोडताना इंजिन पुढेमागे झोका खातं, आणि तो सगळा झोका पाईपवर येतो. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, सोबत्याला पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगा, आणि तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीसमोर नको. इंजिन धडकन उडी मारत असेल तर आधी माउंटिंग बदला. त्याशिवाय बसवलेला नवा लवचीक पाईप महिन्यांतच फाटतो.

दुसरं, स्प्रिंगचे बोल्ट. बऱ्याच गाड्यांत पुढच्या सांध्याला दोन बोल्ट असतात, त्यांवर स्प्रिंग, आणि मधे गोल रिंग गॅस्केट. हा सांधा मुद्दाम हलता ठेवलेला असतो. स्प्रिंग गंजून तुटली की बाजारातला साधा बोल्ट घालून गच्च आवळायची आपल्याकडे पद्धत आहे. गळती त्या दिवशी थांबते. पुढे काय होतं? हलायचा सांधा हलेनासा झाला, की पाईप जिथे कमजोर असेल तिथे तुटतो, आणि मालक म्हणतो पार्ट खराब निघाला.

रबरांबद्दलही तेच. चारातलं एक रबर गेलं तरी गाडी चालते, म्हणून कुणी बदलत नाही. पण ते वजन उरलेल्या तिघांवर आणि पुढच्या फ्लेंजवर जातं. सायलेन्सर बदलताना सगळी रबरं नवी घ्या. त्यात काटकसर करण्यासारखं काही नाही.

आणि वेल्डिंग. कंपनीचा पाईप बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेल्या पोलादाचा असतो किंवा ४०९ जातीच्या स्टेनलेसचा. वेल्डिंगच्या आचेने टाक्याच्या आजूबाजूचा थर जळून जातो. तिथून उघडं पोलाद खाऱ्या हवेला सापडतं, म्हणून नवं भोक नेहमी जुन्या टाक्याच्या शेजारी पडतं. एमआयडीसीतला एक म्हातारा वेल्डर मला स्पष्टच म्हणाला होता, "टाका मारीन, पण टाका धरायला पत्रा नको का?" चांगल्या पत्र्याला एकच चीर गेली असेल तर वेल्डिंग जरूर करा. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर पत्रा खण्ण वाजतो तोवर त्यात जीव आहे. भद्द वाजला की पैसे घालू नका. आणि गाडीवर वेल्डिंग होणार असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा, नाहीतर ईसीएमला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, धोका.

विकत घेताना

गाडीचं नाव आणि साल सांगून पार्ट आणू नका. एकाच नावाच्या गाडीत मधेच इंजिन बदललेलं असतं, बीएस-३ चं बीएस-४, बीएस-४ चं बीएस-६ झालेलं असतं, आणि पाईपचं वाकण एखाद-दोन इंचांनी वेगळं असतं. आरसीवरचा चासी नंबर दुकानदाराला द्या आणि पार्ट नंबर काढून घ्या. जुना पार्ट उतरवलेला असेल तर सरळ सोबत न्या आणि दुकानातच दोन्ही शेजारी ठेवून जुळवा: फ्लेंजच्या भोकांमधलं अंतर, रबरांत अडकणाऱ्या हँगरच्या सळ्यांची दिशा, मफलरचा कोन. मापटेपपेक्षा हे जास्त खरं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथे दुकानांची रांग असल्याने एका ठिकाणी नाही जुळलं तर शेजारी मिळतं. तालुक्याच्या गावात मात्र दुकानदाराकडून "नाही बसला तर परत घेईन" हे बिलावर लिहून घ्या.

लोकल आणि ओरिजिनल यांतला फरक हातात घेतल्यावर कळतो. ओरिजिनल मफलर जड असतो, कारण आत पडदे आणि नळ्या पूर्ण असतात आणि पत्रा जाड किंवा दुहेरी असतो. हलवल्यावर आत काही वाजता कामा नये. शिवण सलग आणि सारखी हवी. चुंबक लावून "चिकटतोय, म्हणजे स्टेनलेस नाही" असं दुकानात कुणी सांगेल, ते मानू नका. सायलेन्सरसाठी वापरतात ते ४०९ स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. चिकटत नाही ते ३०४, ते गंजापुढे अधिक टिकतं, पण कंपनीच्या पार्टात क्वचित असतं. किनाऱ्यावर राहणाऱ्याने, गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल, तर ओरिजिनलच घ्यावा. पुढच्या वर्षी विकायचीय तर लोकल चालेल.

जुन्या बाजारातला मफलर? मागचा साधा डबा असेल तर पारखून घ्यायला हरकत नाही. कॅटकॉन जोडलेला सायलेन्सर मात्र वापरलेला घेऊ नका. कॅटकॉनच्या आतल्या मधाच्या पोळ्यासारख्या विटेत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, आणि त्यांच्यासाठी ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत पकडल्या गेल्या आहेत. चोरीचा माल गळ्यात पडण्याची भीती एक, आणि आतली वीट आधीच काढून घेतलेली रिकामी नळी मिळण्याची दुसरी. अशी नळी बसवली तर पीयूसीत गाडी नापास, आणि चेक इंजिनचा दिवा कायमचा लागलेला.

पार्टसोबत नव्या रिंग गॅस्केट, फ्लेंजच्या गॅस्केट, स्प्रिंग-बोल्टचा संच, सगळी रबरं आणि तांब्याचा मुलामा दिलेले नट घ्या. जुनी गॅस्केट एकदा दाबली गेली की पुन्हा तशीच बसत नाही.

काढणं

सगळी लढाई इथेच आहे. बसवणं तासाभराचं काम, काढणं दिवसभराचं होऊ शकतं.

जागा सपाट आणि पक्की हवी. फरशी किंवा काँक्रीट. अंगणातल्या लाल मातीत, त्यातही पावसानंतर, जॅक हळूहळू एका बाजूला रुततो. हँडब्रेक, पहिला गिअर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. गाडीसोबत आलेल्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही. तो फक्त चाक बदलायला. उचलल्यावर दोन जॅक स्टँड लावा, ते चासीच्या सांगितलेल्या जागीच टेका, आणि गाडीला बाजूने दोन-तीन धक्के देऊन बघा. विटांचा, जांभ्याच्या चिऱ्याचा थर रचून त्यावर गाडी ठेवणारे अजूनही दिसतात. चिरा दाबाने अचानक फुटतो. इशारा देत नाही.

गाडी आदल्या संध्याकाळपासून उभी ठेवा. धावून आलेल्या गाडीचा कॅटकॉन काही शे अंश तापलेला असतो आणि त्याच्या रंगावरून ते कळत नाही. त्याच संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टवरचा गंज वायर ब्रशने खरडून त्यांवर गंज सोडवणारं तेल मारा, झोपण्याआधी पुन्हा एकदा मारा. डोळ्यांवर गॉगल हवाच. खालून काम करताना गंजाचा कण थेट डोळ्यात पडतो.

जपानी घराण्याच्या गाड्यांना बहुधा १२ आणि १४ चे पाने लागतात, युरोपीय घराण्याला १३ आणि १५ किंवा त्याहून मोठे. सहा कोनी गोटी, म्हणजे सॉकेट, वापरा. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकते. पहिला जोर सोडवायच्या दिशेने नव्हे, आवळायच्या दिशेने द्या, अगदी किंचित. गंजाचा थर फुटला की "कट्ट" असा कोरडा आवाज येतो आणि नट हाताला कडक पण प्रामाणिक लागतो. मग उलट फिरवा, अर्धा आटा मागे, पाव आटा पुढे, पुन्हा तेल. आवाज न येता पाना जर मऊ, रबर ताणल्यासारखा फिरायला लागला तर थांबा. तो नट सुटत नाहीये, बोल्ट पिळला जातोय.

फ्लेंजचा बोल्ट तुटला तरी रडण्याचं कारण नाही, बहुतेक ठिकाणी तो आरपार असतो, काढून नवा घालता येतो. नट अजिबात दाद देत नसेल तर ग्राइंडरने त्याच्या एका अंगाला चीर पाडून छिन्नीने फाकवा. पण ग्राइंडर लावण्याआधी मागे-वर काय आहे ते बघा. पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, सीएनजीची उच्च दाबाची नळी. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह आधी बंद करा, आणि टाकीजवळच्या नटाला ग्राइंडर किंवा आच लावूच नका. तिथे हॅक्सॉ ब्लेडने कापा. हात दुखेल, एवढंच. पाण्याची बादली आणि ओलं पोतं जवळ असू द्या.

वाटेत धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर येत असेल तर त्याचा कनेक्टर आधी सुटा करा. पाईप लोंबकळला की वायर तुटते. सेन्सर नव्या पाईपमध्ये घालायचा असेल तर त्याला २२ चा पाना लागतो. पुन्हा बसवताना आट्यांवरच जाम न होण्याची पेस्ट अगदी पातळ लावा, टोकाला तिचा स्पर्शही नको.

रबरांतून सळ्या काढायला तेल किंवा ग्रीस वापरू नका, रबर फुगून खराब होतं. साबणाचं पाणी मारा आणि रबर पिळत ओढा. शेवटचं रबर काढताना मफलरला खालून आधार द्या. तो दिसतो त्यापेक्षा जड असतो आणि नेमका छातीवर येतो.

बसवणं

फ्लेंजची दोन्ही तोंडं वायर ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने साफ करा, जुन्या गॅस्केटचा कण राहता कामा नये. जुन्या बाजूच्या फ्लेंजवर सरळ पट्टी धरून बघा. ती वाकलेली किंवा खड्डे पडलेली असेल तर नवी गॅस्केट महिनाभरात फुंकली जाणार. फ्लेंज घासून सपाट करा, नाहीतर बदला. सायलेन्सर पेस्ट एकात एक घुसणाऱ्या पाईपच्या सांध्याला लावतात. गॅस्केटच्या जागी ती थापायची नाही, आणि कॅटकॉनच्या पुढच्या सांध्यांत तर अजिबात नाही. सुकलेले तुकडे सुटून आत जातात.

आता महत्त्वाचं: काहीही आवळायचं नाही. आधी सगळं रबरांवर टांगा, सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे लावा, आणि खालून बाजूला होऊन मागून बघा. मफलर तिरका आहे का? मागचा अ‍ॅक्सल, टाकी, बॉडीचा पत्रा यांपासून सगळीकडे निदान दोन बोटं अंतर आहे का? हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा, कुठे टेकता कामा नये. गाडी तापल्यावर पाईप लांबतो आणि मागे सरकतो, हे धरून चाला. एखादं रबर ताणलेलं आणि दुसरं सैल असेल तर पाईप सांध्यात थोडा फिरवा. इथे घाई केली की मग प्रत्येक गतिरोधकावर ठक्क ऐकू येतं.

मन भरलं की इंजिनाकडून मागे येत आवळा. दोन बोल्टच्या फ्लेंजला एकदा इकडे, एकदा तिकडे, थोडं थोडं. स्प्रिंगचा बोल्ट त्याच्या खांद्यावर टेकला की थांबायचं; त्याहून आवळला तर स्प्रिंगचा उपयोगच संपतो.

अंडरबॉडी कोटिंग करून घेणाऱ्यांना एक सांगायचंय. ते काळं डांबरी कोटिंग सायलेन्सरवर मारू देऊ नका. बरेच जण गाडीखाली सरसकट फवारतात, मग ते तापून धूर करतं, आणि आग लागण्याचीही भीती असते. सायलेन्सर झाकून घ्यायला सांगा.

चालू केल्यावर

पहिली दहा-पंधरा मिनिटं नव्या पार्टवरचं तेल आणि थर जळतात, वास येतो, थोडा धूर दिसतो. उघड्यावर करा. नंतर पुन्हा फडक्याचा प्रयोग, पुन्हा साबणाचं पाणी. शंभरएक किलोमीटर चालवून, गाडी पूर्ण थंड करून, सगळे नट एकदा तपासा; गॅस्केट बसली की ते थोडे सैल होतात. स्प्रिंगवाले सोडून.

मायलेज सुधारेल का, हे प्रत्येक जण विचारतो. गळती ऑक्सिजन सेन्सरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, असेल तरच. तिथल्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रणात ऑक्सिजन जास्त आहे, आणि ईसीएम विनाकारण इंधन वाढवतो. मागच्या मफलरचं भोक बुजल्याने फक्त कान सुटतात. पीयूसीला जायच्या आधी मात्र मागची गळतीही बंद हवी, कारण ती यंत्राच्या आकड्यात हवा मिसळते आणि रीडिंग खोटं येतं.

जाता जाता "जरा भारी आवाज" काढायला मोकळा पाईप बसवायचा मोह कुणाला असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि आवाज-धुराची मानकं मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड दहा हजार रुपयांपर्यंत जाऊ शकतो, लायसन्सही तीन महिने गमवावं लागू शकतं.

आता नवा मफलर टिकवायचा कसा. आठवड्यातून एकदा गाडी सलग वीस-पंचवीस किलोमीटर, न थांबवता चालवा. सीएनजीवाल्यांनी तर नक्कीच. उभ्या गाडीला दोन मिनिटं चालू करून बंद करायची सवय मोडा. त्याने मफलरमध्ये पाणी भरतं, तापत काहीच नाही. पुळणीवर गाडी नेऊ नका, नेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. पाऊस संपला की पाईपच्या वरच्या अंगावर बसलेला लाल चिखल काढा. तो ओल धरून ठेवतो आणि वरून दिसत नाही, हात घालूनच काढावा लागतो. आणि धुऊन लगेच गाडी झाकून ठेवू नका, एक चक्कर मारून आणा.